शंभरात शहाण्णव

३ फेब्रुवारी १९९९
भाच्याने औरंगाबादहून फ्लॉपी आणली. यातला प्रोग्रॅम म्हणे जुन्या केसेसवरून स्वतःच शिकतो आणि सिरियस पेशंट औषधाला दाद देईल का, ते सांगतो. जालन्यात पहिलाच असेल. मी नुसता रेकॉर्ड क्लार्क न्हाई, हे आता डॉक्टरांना कळेल. रोज वीस केसपेपर भरणार. चहा बंद.

९ फेब्रुवारी
पाच भरले. लाइट नव्हती. चहा चालू.

२ एप्रिल
तीनशे बारा झाले! वय, नाडी, बीपी, निकाल. निकालाचा नियम माझाच, एकदम सोपा. इथं मेला तर शून्य, गेटातून जिवंत गेला तर एक, म्हणजे बरा. उगाच भानगड नको.

६ एप्रिल
कमाल आहे. नाडी जितकी बारीक, बीपी जितका खाली, तितका पेशंट बरा होण्याचा चान्स जास्त! हे कुठल्याच डॉक्टरी पुस्तकात नसणार. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, आधी एक्स-रे नंबरवार लावा. जळतात माझ्यावर.

१९ एप्रिल
धाकटा भाऊ कडूबा हसनाबादहून मायला घेऊन आला. न्यूमोनिया. श्वास घरघरतोय. डॉक्टर म्हणाले, जल्दी औरंगाबादला हलवा, इथं श्वासाचं मशीन न्हाई. मी मायचे आकडे टाकले. शंभरात शहाण्णव! कडूबा गाडी बोलवून राह्यला होता, त्याला थांबवलं. डॉक्टर लई ओरडले. माझ्या जबाबदारीवर म्हणून सही ठोकली.

२० एप्रिल, सकाळी ७
माय डोळे उघडत न्हाई. बीपी आणखी खाली. आकडे पुन्हा टाकले. अठ्ठ्याण्णव. सुधारणा आहे.

दुपारी १२
मैमूना सिस्टर माझ्यावर चिडलेली. तिला गप्प करायला असेच बरे झालेले जुने पेपर काढून दाखवले. तिने एकेक बघितला, मंग कपाळाला हात लावला. म्हणाली, भाऊ, यातला बिलकुल कुणी बरा झाला न्हाई. डॉक्टरांनी हात टेकल्यावर नातेवाइकांनी जीपमधून घरी नेले, शेवटचा श्वास आपल्या घरात जावा म्हणून.
हे मला माहीत नव्हतं का? बापाला मीच तसा नेल्ता. त्याचाही पेपर तीनशे बारात आहे. निकाल, एक.

दुपारी ३
औरंगाबादची गाडी मागितली. डॉक्टरांनी मायची नाडी धरली, सोडली. म्हणाले, काल न्यायचं होतं, आता रस्त्यातच जाईल. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन रडलो. कडूबानं मायला घरी न्यायला जीप आणली.

सायंकाळी ५
जीपमध्ये. मायचं डोकं माझ्या मांडीवर. निघताना वॉचमनने गेटवर रजिस्टर पुढं केलं. गोजरबाई, वय ६८, जिवंत बाहेर नेले, असं लिहून सही केली.
माझ्या नियमाप्रमाणे माय बरी झाली.