मधल्या सुट्टीतलं घर

बाई, काल आपल्या शाळेचं ड्रेनेज रस्त्यातल्या मोठ्या लाईनला जोडलं. प्लंबरनं मुलींच्या संडासातून बादलीभर पाणी सोडलं आणि आम्ही सगळ्या फाटकाजवळच्या नव्या चेंबरभोवती वाकून उभ्या राहिलो. पाणी आलं, वळलं आणि रस्त्याखाली निघून गेलं. शिपाईमावशींनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पेढे आणायला पळालं. तुम्हाला पाहिलेलं माणूस आता या शाळेत मी एकटीच उरले आहे. मुख्याध्यापिका म्हणून मी सगळ्यांबरोबर हसले, पण ते पाणी दिसेनासं झाल्यावर माझ्या आत काय झालं हे सांगायला तिथं कुणी नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

तुमच्या वर्गात आले तेव्हा मी गडमुडशिंगीहून बसनं यायची. सकाळी घरातून निघताना चहा घ्यायचा नाही आणि शाळेत पाण्याला तोंड लावायचं नाही, हे आम्हा खेड्यावरच्या मुलींना कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप समजलं होतं. शाळेच्या मागं दोन संडास होते, पण त्यांची सेप्टिकची टाकी भरून अंगणात वाहायची, म्हणून दारांना कायमची कुलपं. एकदा उन्हाळ्यात मी प्रार्थनेला उभी असताना पडले. डोळे उघडले तर डोकं तुमच्या मांडीवर. तुम्ही विचारलंत, "सकाळपासून पाणी प्यालीस का?" मी म्हटलं, "मी शाळेत पाणी पीत न्हाय बाई." तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की प्रार्थना म्हणणाऱ्या मुली थांबल्या. "मरायचंय का तुला? अक्कल आहे का काही?" मग माझ्या तोंडावरून ओला रुमाल फिरवत राहिलात. मी का पीत नाही, हे तुम्हाला न सांगता कळलं होतं.

आबांनी दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद केली. रविवारी तुम्ही बस पकडून आमच्या दारात आलात. आई गडबडून घोंगडं अंथरत होती, तुम्ही उभ्याच. आबा तसे वाईट नव्हते, पण त्या दिवशी फटकन बोलले, "बाई, पोरगी घरी आली की पोट धरून बसती. मुतायला जागा न्हाय त्या शाळंत आनि शिकायला पाठवू व्हय?" मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. तुम्ही मात्र जराही न चाचरता म्हणालात, "खरं आहे तुमचं. उद्यापासून ती मधल्या सुट्टीत माझ्या घरी येईल. शाळेच्या मागच्या गल्लीतच घर आहे माझं." आबा तंबाखूला चुना लावून मळत बसले. मग आईकडं बघून म्हणाले, "जाऊ दे तिला उद्या."

तुम्ही बोलावलंत एकटीला, पण दुसऱ्या दिवशी फाटकातून बाहेर पडताना तुमच्या मागं मुलींची रांग होती. तुम्ही वळून पाहिलंत आणि कुणालाच परत पाठवलं नाहीत. तुमच्या सासूबाई दारात बसलेल्या असायच्या. सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. तुमचं जैनाचं घर, प्यायचं पाणी गाळून भरलेलं, शिवाशिवीचं सगळं कडक, आणि त्यात आम्ही धुळीच्या पायांनी शिरलेल्या. अव्वा पहिल्या दिवशी कडाडल्या, "हे काय धर्मशाळा हाय का गं? नळाला पाणी सकाळी एकदाच येतंय!" तुम्ही म्हणालात, "अव्वा, पोरी आहेत. मी संध्याकाळी आडाचं पाणी शेंदून भरते." आणि खरंच भरत होतात. शाळा शिकवून आल्यावर, रोज. काही महिन्यांनी अव्वाच दारात उभ्या राहून हात करू लागल्या, "चला चला, बारक्या पोरी आधी!"

माझी पाळी नेहमी उशिरा यायची, म्हणून मी पाहिलं होतं. शेवटची मुलगी बाहेर येईपर्यंत शाळेची घंटा व्हायची आणि तुम्ही तशाच आमच्याबरोबर परत निघायचात. तुमच्या स्वतःच्या घरातून, तशाच. एकदा मी म्हटलं, "बाई, तुम्ही जावा की. आम्ही थांबतो." तुम्ही पदर खोचत म्हणालात, "मला सवय आहे गं. चल."

दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की तुम्ही ड्रेनेजच्या ऑफिसात जायचात. शाळेसमोरूनच मोठी लाईन गेलेली, नुसती जोडायची बाकी. पण शाळा भाड्याच्या जागेत, म्हणून तिथं एकच उत्तर मिळायचं: अर्ज जागामालकानं करायचा, भाडेकरूचा चालत नाही. मालकांचं दुकान शाळेला लागूनच. माझ्यासमोर ते तुम्हाला म्हणाले होते, "तुमचं पटतंय वो बाई मला. पण माझ्या सहीनं एकदा पाईप पुरला की शाळा कायमची बसली माझ्या उरावर. पोरांना काय सांगू मी?" तुम्ही त्या दुकानाच्या पायरीवर हात जोडलेत. वर्गात कुणापुढं मान खाली घालायची नाही असं आम्हाला शिकवणाऱ्या तुम्ही. मी दुसरीकडं बघितलं.

मी डी.एड.ला असताना तुम्ही आजारी पडल्याचं कळलं. आधी ताप, मग कंबरेत कळा, मग किडनीचं काहीतरी. दुखणं नेमकं कशानं सुरू झालं ते डॉक्टर कधी बोलले नाहीत आणि मीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण माझ्या मनातून तो पदर खोचण्याचा क्षण आजवर गेलेला नाही. दवाखान्यात आले तेव्हा तुमचे यजमान डबा आणायला गेले होते. तुम्ही अस्वस्थ होऊन दाराकडं बघत होता. मला समजलं. कॉटखालचं भांडं काढलं तर तुम्ही माझा हात धरलात, "तू नको. नर्सला बोलव." नर्स लवकर येईना. शेवटी मीच सगळं केलं, चादर सारखी केली. तुम्ही भिंतीकडं तोंड करून म्हणालात, "तुम्हा पोरींना मी सांगायचे, यात लाजायचं काय. मलाच जमत नाही बघ." मग थोड्या वेळानं, "मालकांना कुणी भेटलं का गं?" मी म्हटलं, "न्हाय, बाई." तुम्ही डोळे मिटलेत. निदान तेवढं तरी खोटं बोलायला हवं होतं का, असं वाटतं कधीकधी.

तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलात. पुष्कळ मुलींना कळलंच नव्हतं. पुढचं मला तेव्हाच्या शिपाईमावशींनी सांगितलं. शाळा उघडली त्या दिवशी मधली सुट्टी झाली आणि बारक्या पोरी सवयीनं फाटकाशी रांग करून उभ्या राहिल्या, तुमची वाट बघत.  शेवटी मावशीच त्यांना घेऊन तुमच्या घराकडं निघाल्या. दार बंद होतं. कडी वाजवली तर अव्वा बाहेर आल्या. पोरींकडं बघत राहिल्या. मग दार पूर्ण उघडलं आणि म्हणाल्या, "या गं. बादली भरूनच ठेवलीया." मुली आत गेल्यावर त्या उंबऱ्यावर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. अव्वा होत्या तोवर ते दार मधल्या सुट्टीत बंद झालं नाही.

त्यानंतर आमची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. टाकी उपसायची, थोडे दिवस कुलूप काढायचं, परत लावायचं. मालक गेले. मी याच शाळेत शिकवायला लागले, मीही ऑफिसात चकरा मारल्या, मलाही तेच उत्तर मिळालं आणि ते मी खरं मानलं. यंदा मात्र मालकांच्या मुलाला ड्रेनेज ऑफिसची नोटीस आली आणि पाठोपाठ एक तरुण इंजिनिअर जागा बघायला आला. कामात चोख मुलगा. चेंबर कुठं बांधायचं, उतार कसा ठेवायचा, गच्चीवरचं पावसाचं पाणी या लाईनला सोडायचं नाही, जुनी टाकी उपसून मुरमानं भरायची, सगळं नीट समजावलं. चहा घेताना मी सहज विचारलं, "हा नियम नवा आलाय का?"

"न्हाय वो मॅडम, जुनाच हाय. समोरनं लाईन गेली असली की इमारत जोडायलाच लागती. मालक ऐकत नसला तर ऑफिसनं नोटीस काढायची, तरी न्हाय ऐकलं तर ऑफिसनंच जोडून खर्च त्याच्याकडनं वसूल करायचा."

"आणि तक्रार भाडेकरूनं केली तर?"

"चालती की. कुणीबी करू दे." माझा चेहरा बघून तो थांबला. "का वो, काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही. तुम्ही त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होता तेव्हा तो पोरगा जन्मालाही आला नसेल. त्याला काय सांगायचं? सही लागतच नव्हती, बाई. तुम्ही कुणापुढं हात जोडायचं कारणच नव्हतं. ऑफिसातल्या एका माणसानं एका शनिवारी हे एक वाक्य तुम्हाला सांगितलं असतं तर.  मालकांवर रागवावं तर ते गेले. ज्यांनी तुम्हाला परत पाठवलं त्यांचे चेहरेही मला आठवत नाहीत. तुम्ही असता तर हे मी तुमच्यापासून लपवलंच असतं.

तुमचं घर पाडून तिथं अपार्टमेंट झालंय. यजमान मुलीकडं गेले, तेही आता नाहीत. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, माझ्या कपाटातच राहील.

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. काल पेढे वाटून झाल्यावर, फ्लश नीट चालतो का बघते म्हणून मी मुलींच्या नव्या संडासात गेले आणि आतून कडी लावली. शाळेत एकटीनं रडायला दुसरी जागाच नाही. किती वेळ बसले कुणास ठाऊक. बाहेरून दारावर थाप पडली. पाचवीतली कुणीतरी होती.

"आत कोण हाय?"

मी नाक पुसलं. "मी हाय गं."

"मॅडम, तुम्ही?" ती दचकली. मग म्हणाली, "असू दे, असू दे. सावकाश या. मी थांबतो."