चालण्याची परीक्षा

९ सप्टेंबर १९६३
शाळाखात्याचे साहेब आले. निरोगी मुलं ठरावीक वेळात किती चालतात, ते मोजायचंय म्हणे! पाचवी ते सातवीची मुलं. "बाई, तयारी करून घ्या." कोणीतरी आमच्या वाडीची दखल घेतली! मुलांना रोज भरभर चालवते आहे.

१२ सप्टेंबर
मैदानात दोन खुंट्या ठोकल्या. धावायचं नाही, नुसतं चालायचं. आधी नाडी बघायची, मग शिट्टी. जानकीने मुलग्यांनाही मागे टाकलं — परकर खोचून, जीभ बाहेर काढून! थांबल्यावर धापसुद्धा नाही. "बाई, बघलात मां? कोणाकच माका गाठूक जमला नाय!" साहेब म्हणाले, "दणकट आहेत हो मुलं!" मी फुगले.

५ ऑक्टोबर
हुकूम आला. इथले वरचे तिन्ही वर्ग दिवाळीनंतर बंद. मुलं निरोगी आहेत, डोंगर ओलांडून आरोंद्याच्या शाळेत चालत जाऊ शकतात — मोजून ठरलंय! माझी बदली वेंगुर्ल्याला. धाकटी बहीण तिथे आहे, म्हणून किती वर्षं हीच मागत होते. आज कागद घेऊन चुलीपुढे रडत बसले. जोरात चाला, जोरात चाला — मीच ओरडत होते ना!

६ ऑक्टोबर
जेवण गेलं नाही.

८ ऑक्टोबर
जानकीच्या वडलांकडे, दाजींकडे गेले. भातकापणी चाललेली. विळा खाली ठेवीनात. "झील आसतो तर धाडलो आसतो. एकट्या चेडवाक त्या रानातसून धाडूचंय नाय." म्हटलं, अहो, मुलगा नसली म्हणून काय, किती छान चालते ती! "तां चालता, माका म्हायत आसा, बाई. चालूचो प्रश्न खंय आसा?"
त्या वाटेवर एक घर नाही. साहेब ती वाट चढलेच नाहीत.

४ नोव्हेंबर
सुट्टी संपली. मुलगे डोंगराकडे गेले. मुलगी एकही नाही. जानकी विहिरीवर दिसली, कळशी भरताना. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सातवीतच संपलं हिचं.

५ नोव्हेंबर
परवा वेंगुर्ल्याला हजर व्हायचं. ट्रंक भरली. इतकी वर्षं इथे राहून काय केलं मी? कशाला शिकवलं या पोरींना? काही सुचत नाही.

६ नोव्हेंबर
सकाळीच दाजी दारात! मागे जानकी, डोळे सुजलेले. "परवाधरून जेवूक नाय, बाई. तुमी वांगडा जातल्यात, तर धाडतंय." रोज मी बरोबर जायचं, म्हणजे वेंगुर्ला सोडायचं! ते गेल्यावर भरलेली ट्रंक परत उघडली.

७ नोव्हेंबर
वेंगुर्ला नको, आरोंदा द्या — अर्ज टाकला. देवोत, न देवोत. आज डोंगर चढले. सोबत जानकी आणि आणखी दोन मुली, बाई आहेत म्हणून धाडलेल्या. अर्ध्यावर दम लागून दगडावर बसले, तर जानकी वरून ओरडते — "बाई, बेगीन येवा! घंटा होतली!"