पणूच्या वर्गाची पेशंट

सोम. १२ जाने.
मला नोकरी लागली! पगार नाही, पण नोकरीच. नात पणू डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या मॅडमना खोटी पेशंट पाहिजे. पाळी जायच्या वयातल्या बायकांना मोबाईलवर बघून कसं विचारायचं, कसं समजावायचं, ते त्या पोरांना शिकवतात. खऱ्या बाईशी बोलायच्या आधी खोटीवर हात बसवायचा. पणू म्हणाली, "आजी, तू एवढी बोलतेस, तूच हो." कागद दिलाय. नाव सुशीला, वय एकोणपन्नास, घाम येतो, झोप नाही. मी एकोणपन्नास! मुलाला, नितीनला, हसून हसून ठसका लागला. सून वंदना पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आई, कागदातलंच बोला हां. घरातलं नको." मी काय घरातलं बोलणार.

चौथीपर्यंत शिकले, पण कागद पाठ झाला. शेजारच्या हंसाबेनला गॅलरीतून सांगितलं. ती म्हणे, "बा, टीव्हीपे आओगी क्या?" म्हटलं, उससे भी बडा.

बुध. १४ जाने. संक्रांत
लाडू कडक झाले. गूळ जास्त शिजला. पणू चोखून खात होती, आवाज करत, मुद्दाम.

संध्याकाळी वंदना म्हणाली, "आई, दिवा तुम्ही लावा, माझी कंबर धरलीय." लावला. तिळगुळाची ताटली पण तिने लांबूनच माझ्या हातात दिली, देव्हाऱ्याकडे आली नाही. कंबर धरली तर ताटली ठेवता येत नाही होय? गेल्याच्या गेल्या दिवाळीत हीच हसत म्हणाली होती, सुटले एकदाची, आता महिनाभर देव माझा. चार दिवस बाजूला राहायचं संपलं होतं तिचं. मग आता...
असो. तिळगूळ वाटून आले.

शुक्र. १६ जाने.
पहिला वर्ग! हिरवी साडी नेसले, पावडर लावली. पोह्यांच्या डब्याला मोबाईल टेकवला. चौकोनात पोरंच पोरं. पहिल्या मुलाने विचारलं, "घाम येतो का झोप लागते का चिडचिड होते का सांधे दुखतात का," एका दमात. म्हटलं, बाळा, श्वास घे, आणि आधी नाव तरी विचार. सगळे हसले, तो पण. कानापर्यंत लाल झाला बिचारा.

मग ग्रेसी. पालीच्या कोळीवाड्यातली आहे, वडिलांची होडी. ती म्हणाली, "मावशी, जेवलात?" हे कागदावर नव्हतं, मग मी खरंच सांगितलं, शेवग्याची आमटी, भात, आणि शेवगा हल्ली कसा चोथा निघतो ते. मॅडमनी हळूच थांबवलं.

मॅडम चांगलं शिकवतात. म्हणाल्या, मोबाईलमध्ये फक्त बाईचं तोंड दिसतं. शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही. म्हणून पहिलं विचारा, आता मोकळं बोलता येईल का, की नंतर फोन करू? हे मला पटलं. आमच्या परळच्या खोलीत आठ माणसं होती. कुठली बाई काय बोलणार.

आणि म्हणाल्या, एक प्रश्न कधी सोडायचा नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत अंगावरून गेलं का? ग्रेसीने विचारलं. कागदावर 'नाही' होतं. मी 'नाही' म्हटलं.
आत वंदना भाकऱ्या थापत होती. थापायचा आवाज थांबला.

शनि. १७ जाने.
दिवा मीच लावतेय. हळदीकुंकू पण यंदा नको म्हणाली, ऑफिसात काम आहे म्हणे. वाणाच्या गाळण्या आणून पलंगाखाली ठेवल्यात.

आमचं दोघींचं बरं चालतं, पण हे विचारायला जीभ उचलत नाही. पणूला सांगू? घाबरेल पोर. वर वंदना म्हणेल, माझ्या मुलीला सांगितलंत. नितीनचा तर उपयोगच नाही. ती घामाघूम होऊन फॅन वाढवते, हा थंडी वाजते म्हणून कमी करतो. दिवसभर तेच.

मंगळ. २० जाने.
आज मुद्दाम चुकले.
ग्रेसीने तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, "हो. जातंय."
पणू तिच्या चौकोनातून ओरडली, "आजी, कागदावर नाही आहे!"
म्हटलं, "सुशीला तू का मी?"
ग्रेसी गडबडली नाही. कधीपासून, किती, दुखतं का, सगळं विचारलं. मला काय माहीत! म्हटलं, "तेवढं आठवत नाही गं. पण कोणाला सांगितलेलं नाही. भीती वाटते."
तशी ती घरच्यासारखंच बोलायला लागली. "मावशी, हे मोबाईलवर सुटायचं न्हाय. तपासायला यायलाच पाहिजे, लवकर. बहुतेक वेळा साधंच निघतं. पण बघितल्याबिगर कोण सांगणार न्हाय, मी पण न्हाय. आणि तुमचं काय चुकलेलं न्हाय."
आत नळ वाहत होता. बंद झाला.

मॅडम मोबाईलजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "सुशीलाबाई, तुमच्या घरात अजून कोणी ऐकतंय का?"
म्हटलं, "हो."
"मग त्यांनाही सांगा, कधीही फोन करा."
पणूचा चौकोन काळा झाला. कॅमेरा बंद केला तिने.

बुध. २१ जाने.
सकाळी मटार सोलायला बसलो. वंदनाने मान वर न करता विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"
"कोणी नाही. तू दिवा लावत नाहीस."
"घरातलं बोलू नका म्हटलं होतं ना मी?" रागावली. चांगलीच. अर्धी टोपली उचलून आत गेली. मी बसले सालांकडे बघत. मग परत आली.
"ती मुलगी बहुतेक वेळा साधं असतं म्हणाली ना? तसंच म्हणाली?"
"तसंच."
"माझ्या मामीला..."
मामीचं मला माहीत आहे. गेली ती. मी पण काही बोलले नाही. मी! नितीनला सांगितलं तर खोटं वाटेल.
सोलत बसलो दोघी. शेंगा पोचट निघाल्या.

शनि. २४ जाने.
आज वंदनाचा फोन. खरा. ग्रेसी विचारणार, मॅडम बरोबर. वंदना म्हणाली, पणू नको. मॅडम पण तेच म्हणाल्या.
घर रिकामं पाहिजे. नितीनला पालीला बोंबील आणायला पाठवलं. बाजार खाली असताना एवढ्या लांब कशाला, असं पुटपुटत गेला. मी आणि पणू जिन्यात.

पणू म्हणाली, "आजी, मी डॉक्टर होणार आणि मलाच बाहेर बसवलंय." मग रडली. "मी रोज तिच्या शेजारी जेवते गं. मला कसं नाही दिसलं?"
तिचं डोकं मांडीवर घेतलं. लहानपणी केस केवढे दाट होते, आता टँकरच्या पाण्याने पार गेले. तेल लावते म्हटलं. म्हणाली, "आजी, आत्ता तेल?" पण हसली.

दार उघडलं. वंदनाचा चेहरा धुतलेला. म्हणाली, "आत या, जिन्यात काय बसलात दोघी! लोक काय म्हणतील." बुधवारी तपासायला बोलावलंय, एवढंच सांगितलं. पणूने आईला घट्ट धरलं. नितीन आला तर कोणी बोंबलांकडे बघेना.

सोम. २६ जाने.
नितीनला तिने काल सांगितलं. तो उठला आणि फॅन मोठा केला, स्वतः चादर घेऊन बसला. आज म्हणाला, बुधवारी रजा टाकतो.
वंदना म्हणाली, "तुम्ही नको. मी आईंना नेते."
मला!
कपाट उघडून उगाच उभी राहिले.

बुध. २८ जाने.
सोनोग्राफी झाली. आतला एक तुकडा पण घेतला तपासायला. मी बाहेर तिची पर्स धरून. शेजारच्या बाईने विचारलं, "लेक का?" मी हो म्हटलं. नंतर सून म्हणून सांगायला गेले, तर त्या बाईचा नंबर लागला.

डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघत होते, काही कळलं नाही. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. वंदना म्हणाली, "आई, काही निघालं तर?" मी म्हटलं, निघालं तर औषध करू. तिची पर्स अजून मीच धरून होते.

रिक्षात बसलो तर तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. झोपली. किती महिन्यांची झोप राहिलीय तिची. सोसायटीचं गेट आलं. रिक्षावाला म्हणाला, "आ गया, माँजी."
मी तोंडावर बोट ठेवलं. "भैया, रुको मत. खाडी तक घुमाके लाओ. धीरे."
त्याने आरशात एकदा मागे बघितलं आणि गाडी पुढे घेतली.