दाजींनी दिलेली बरोबरी

दाजी,

कालचा डाव बरोबरीत सुटला, म्हणून ताईने वॉर्डभर कौतुक सांगितलं. कसली बरोबरी! माझा राजा कोपऱ्यात कोंडला होता. तुम्ही हत्ती शेवटच्या रांगेत नेला की मात. तुमचं बोट हत्तीवर टेकलंही होतं. तेवढ्यात तुम्ही माझ्या हातातल्या सलाईनच्या सुईकडे पाहिलंत आणि म्हणालात, "जाऊ दे, बरोबरी धरू."

अहो, हात लावलेलं मोहरं हलवायलाच हवं, हा नियम तुमचाच ना? माझ्या लग्नाच्या सकाळीसुद्धा तुम्ही मला चाल मागे घेऊ दिली नव्हती. "मेहुणा आहेस म्हणून सोडू काय?" म्हणत सगळ्या पाहुण्यांसमोर धूळ चारलीत.

"नुसता अशक्तपणा आहे, डॉक्टर म्हणाले," असं परवा बाहेरून आल्यावर तुम्हीच सांगितलंत. माझा विश्वासही बसला होता. काल तुम्ही हत्तीवरचं बोट उचललंत आणि मला सगळं कळलं.

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही. मला काही ठाऊक नाही, असंच ताईला वाटू दे. पण उद्या पट मांडाल तेव्हा, दाजी, पाया पडतो, मला हरवा.

तुमचा,
आजवर न चुकता हरलेला मेहुणा