उसन्या ज्वारीचा डबा

आई, तुला जाऊन आठ वर्षं झाली आणि तुझ्याशी भांडायला मला आज सवड मिळाली. सकाळी मी ओढ्याकाठच्या मानलेल्या मावशीकडं गेलो होतो, त्याच पत्र्याच्या घरात. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या तुझ्या पोराला पंचायतीनं शेवटी काम दिलंय, घरकुलाच्या नव्या यादीसाठी घरोघरी जाऊन माहिती भरायचं. यादीत बसली तर मावशीला पक्क्या भिंती, नाही तर पुन्हा पत्रा. मागच्या यादीत ती बसली नाही ती तुझ्यामुळं.

तो दिवस मला पाठ आहे. अंगणवाडीच्या बाई, म्हणजे तूच, सर्व्हेला येणार म्हटल्यावर अख्ख्या गल्लीनं लपवालपवी केली. एकानं टीव्ही गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकला, दुसऱ्यानं मोटरसायकल उसात नेऊन उभी केली, एक म्हैस तर दोन दिवस आष्ट्याला पाहुणी गेली. आणि मावशी आपल्या मागच्या दाराला आली. "बाळा, बाईंचा ज्वारीचा डबा दे की रं जरा. पहिल्यांदा घरात येणार त्या, रिकामं घर कसं दाखवू?" तू घरी नव्हतीस. मी दिला. तुझ्या लग्नातला स्टीलचा डबा, झाकणावर तुझं नाव कोरलेला.

संध्याकाळी भाकरी थापता थापता तू हसत होतीस, ते हसणं अजून माझ्या कानात आहे. "आज माझाच डबा मी तपासून आले!" अण्णाही हसले. मी विचारलं, मग काय लिहिलंस? तू माझ्याकडं बघितलं नाहीस, भाकरी उलटलीस. "धान्य आहे म्हणून लिहिलं. तिनं दाखवलं ते मी लिहिलं. तोंडानं म्हणाली असती, बाई, डबा तुमचाच हाय, तर खोडलं असतं की. सरकारकडं मागायचं तर मान खाली घालून मागावं." दुसऱ्या दिवशी डबा परत आला. भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून तिनं तळाला मूठभर शेंगा घातल्या होत्या. त्या तू मला भाजून दिल्यास आणि मी खाल्ल्या.

यादी लागली. टीव्हीवाला बसला, म्हशीवाला बसला. तुला एक साधा प्रश्न का सुचला नाही गं? वर्षात किती दिवस काम मिळतं, एवढंच विचारायचं होतंस. कुणाच्या रानात भांगलणीला बोलावलं तर मावशीचा दिवस, नाही तर नाही. रोजगार हमीचं कार्ड काढून ठेवलं होतं तिनं. तलावातला गाळ काढायचं काम निघालं, दोन आठवडे पाट्या उचलल्या, मग तिथं मशीन आलं आणि बायका घरी बसल्या. डब्यात काय आहे हे तुम्ही सगळे वाकून बघता. तो भरायला काम कुठं आहे, ते कुणाच्या फॉर्मात नव्हतं. माझ्या फोनातही नाही.

तिची पोरगी बारावीनंतर शिरवळला एका कंपनीत लागली, ठेकेदाराकडं, पॅकिंगला. सहा महिने काम, मग ब्रेक, मग ठेकेदाराच्या मर्जीवर. तिच्यासाठी मी कॉलेज सोडलं आई, आणि शिरवळच्या स्टँडवर चार तास उभा राहिलो. ती शिफ्ट सुटून आली, डोक्याचा रुमाल सोडत म्हणाली, "माझ्यासाठी न्हाई सोडलंस. परीक्षेला भ्यालास. माझ्या नावावर खपवू नगंस." मी तरी हटत नाही बघून पुढं म्हणाली, "आन् तुझ्या आईनं आमाला कागदावर श्रीमंत केलंय. श्रीमंताची पोरगी तुला न्हाई झेपायची." आता तिचं विट्याकडच्या एकाशी ठरलंय. तमिळनाडूत सोनं गाळायच्या दुकानात कामाला असतो.

तर आज. मावशीनं मला हाताला धरून आत नेलं. "ये, काढ फोटो. या खेपेला उसनं काय न्हाई." एकेक डबा उघडून तिनं माझ्यापुढं उलटा धरला. आणि मग जे बोलली ते ऐक. "तुझी आई लय मोठ्या मनाची. डबा वळखला हुता तिनं. नावावरनं बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं, पर चारचौघांत बोलली न्हाई. अब्रू झाकली माझी. घराचं काय, आज न्हाई तर उद्या." एवढी वर्षं ती तुझे उपकार मानत बसलीय. तू भाकरी थापताना हसत होतीस, हे मी तिला सांगितलं नाही.

फोनवर पुढचा प्रश्न आला. घरात कुणाला नोकरी आहे? होय किंवा नाही, दोनच बटणं. सहा महिने होय आणि सहा महिने नाही, असं तिसरं बटण नाही. "पोरगी कामाला जाते का?" मी विचारलं. "कुठली? ब्रेक दिलाय, महिना झाला. आता लगीनच हाय की तिचं. तू यायचंस बरं का वाढायला." पडद्याआडून ती हसली. तिचं कंपनीचं ओळखपत्र खिळ्याला लटकत होतं. मी त्याचा फोटो काढला आणि 'होय' दाबलं. 'होय' दाबलं की नाव गळतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय. खोटं काही भरलं नाही. दिसलं ते भरलं.

"बसलं का रं नाव?"

"बसंल की, मावशी."

मग चहा आला. साखर लय होती. साखरेचा डबा तर तिनं माझ्यापुढंच उलटा धरला होता, म्हणजे वाटी कुणाच्या तरी मागच्या दारातनं आली असणार. तरी प्यालो, सगळा.

हे पत्र तुझ्या डब्यात ज्वारीखाली ठेवतोय, तिथं कुणी बघत नाही. तुझ्यावर राग काढायला बसलो होतो, निम्माच निघाला. एक सांगायचं राहिलं. भरलेला फॉर्म उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त करता येतो. मला ठाऊक आहे, मावशीला नाही. उद्या मी सांगलीला जाणार आहे. काम काही नाही.