तुझ्या नावाखाली काय लिहायचं?

प्रिय दादा,

तुला जाऊन तीन आठवडे झाले. आज लिहायला बसले ती निखिलमुळे. तुझ्या मुलाचा काल अमेरिकेतून फोन आला. तिथल्या शोकसभेची पत्रिका छापायची आहे. म्हणाला, "आत्या, बाबांच्या नावाखाली आम्ही ‘इंडियन-अमेरिकन’ लिहिलंय. तू मराठीत करून दे ना."

मी करून दिलं. पण त्यातलं ‘अमेरिकन’ गाळलं. नुसतं ‘भारतीय’ लिहून पाठवलं.

रागावलास? अरे, राग तर माझाही होता! सारसोळ्याच्या कोळीवाड्यातलं आपलं घर पाडून तिथे इमारत झाली. आई-बाबा गेले. आता नेरूळच्या या फ्लॅटमध्ये आपल्या कोळी बोलीत बोलायला माणूस नाही. तुझा फोन आला की दहा मिनिटं माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं. तेही संपलं. मग निदान तुझं नाव तरी पूर्ण माझं असू दे, असं वाटलं.

तू अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन भारताचा पासपोर्ट परत केलास, त्या दिवशी मी किती टोचून बोलले होते! "झालास ना साहेब? अर्धा इकडे, अर्धा तिकडे!"

तू हसलास, आणि मास्तरांसारखा इतिहास सांगत बसलास. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तिथल्या जर्मन, आयरिश लोकांना ‘जर्मन-अमेरिकन’, ‘आयरिश-अमेरिकन’ अशा जोडनावांनी हिणवायचे, यांची निष्ठा अर्धीच म्हणून. पुढे त्यांच्या नातवंडांनी तीच जोडनावं अभिमानाने मिरवली. आपल्याकडे ‘अँग्लो-इंडियन’ आधी इथे राहणाऱ्या गोऱ्या साहेबांना म्हणत, नंतर तो शब्द मिश्र वंशाच्या लोकांचा झाला. "शब्द तोच असतो गं बाय," तू म्हणालास, "कोण कुणाला म्हणतो, त्यावर सगळं."

वर मलाच विचारलंस, "तू दोन आडनावं जोडून लिहितेस. मग तू अर्धी माहेरची, अर्धी सासरची?"

"हट! मी दोन्हीकडची पूर्ण आहे."

"मग झालं तर!"

मी विषय बदलला होता. आठवतं?

आणि ती नारळी पौर्णिमा? दर्यात सोडायच्या नारळाला घरटी एक पुरुष हात लावतो. आपल्या घराची पाळी आली, तू पुढे झालास आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अमेरिकेचं पावनं आयलं हाय, वाट द्या रं!" सगळे हसले. ज्याने लहानपणी बाबांबरोबर होडी ढकलली, तो पाहुणा! तू नारळाला जेमतेम बोट लावलंस आणि गर्दीत मागे सरलास. त्या हसण्यात मीही होते, दादा. तुझ्या लक्षात आलं होतं का? कधी बोलला का नाहीस?

आज सकाळी निखिलचा पुन्हा फोन आला. चिडला नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "आत्या, तू ‘अमेरिकन’ काढलंस. पण ते म्हणजे मी आहे ना? आई आहे. मी इथेच जन्मलो. बाबा नुसते भारतीय, तर मग आम्ही त्यांचे कोण?"

बावीस वर्षं तू तिथे घर मांडलंस, सकाळी बर्फ उपसून मुलाला शाळेत सोडलंस. ते सगळं मी एका शब्दासरशी पुसून टाकलं होतं. तुला पाहुणा म्हणणाऱ्यांपेक्षा मी काय वेगळं केलं?

तासाभरापूर्वी त्याला दुरुस्त मजकूर पाठवला. ‘भारतीय-अमेरिकन’. खोटं कशाला सांगू? पाठवल्यावर घर आणखीच रिकामं वाटलं. पण तू जसा होतास, तसाच तिथे छापला जाशील.

डिसेंबरात निखिल येतोय. शब्द देते, तो किती इथला आणि किती तिथला हे मी त्याला विचारणार नाही, आणि माझ्यासमोर कुणाला विचारू देणार नाही. त्याला खाडीवर नेईन, चिखलात अनवाणी उतरवेन. घसरला, तर धरायला मी आहे.

तुझी बाय,
वैशाली