डब्यातला आवाज

प्रिय बुपे,

शाळा सुटल्यापासून कागदावर पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुझा फोन बंद, गटातून तू बाहेर, आणि पाठवलेले निरोप नुसते पडून राहतात. शेवटी तुझ्या बहिणीला, म्वाबाला, फोन केला. ती म्हणाली की दादा दिवसभर बाबांच्या कसावाच्या शेतात असतो, हाक मारली तर मान हलवतो, त्यापलीकडे काही नाही. मग लिहायचं ठरवलं. लुसाकाला जाणाऱ्या बसचा कंडक्टर माझा जुना विद्यार्थी आहे. तो हे पाकीट तिथे कसामाच्या गाडीत देईल आणि म्वाबा ते उतरवून घेईल. जीवशास्त्रात तो कायम नापास व्हायचा, पण सांगितलेलं काम विसरत नाही.

इथे चोमात सगळं ठीक म्हणायचं. वीज कधी येते ते कोणालाच कळत नाही. आली की सगळी गल्ली आधी फोन लावते आणि मग कपड्यांच्या इस्त्रीला धावते. मक्याच्या पिठाची न्शिमा आम्ही कोळशाच्या शेगडीवरच करतो आणि आई रोज सांगते की धुरामुळे चव वाढते, म्हणजे तिचा स्वतःचा विश्वास बसावा. बाबांच्या गाई वाळल्यात, पण उभ्या आहेत. येत्या ऑगस्टमध्ये कसामाहून तुझे काका आपल्या लग्नाची बोलणी करायला येणार होते, त्याबद्दल घरात कोणी तोंड उघडत नाही. त्या पाहुणचारासाठी आईने राखलेला कोंबडा मात्र अजून अंगणात मिरवतो आणि त्याला कापायचा विषय निघाला की ती दुसरंच काहीतरी बोलू लागते. असो. तो विषय मी या पत्रात आणणार नाही.

मला राहून राहून ते दिवस आठवतात, आपण आवाजाचं सॉफ्टवेअर निवडायला बसलो होतो ते. तोपर्यंत आपला सगळा कारभार लिहून चालायचा. कोणाला साप चावला की त्याचा भाऊ नाहीतर शेजारी फोटो पाठवणार, लिवंगस्टनहून सितालीकाका तो ओळखणार, मी दवाखान्यांना फोन करून विषावरची लस कुठे आहे ते शोधणार, चिपाटाची लव्हनेस गाडी मिळवणार आणि तू सगळ्यांना जोडून ठेवणार. लोक आपल्याला सापवाले म्हणत आणि आपल्याला ते आवडायचं. पण घाबरलेल्या माणसाला लिहिता येत नाही, हे आपल्याला हळूहळू कळलं. बोटं थरथरतात, अक्षरं चुकतात. म्हणून ठरलं की गटाच्या बैठकाही बोलून घ्यायच्या आणि अडचणीतल्या माणसालाही फोनवरच्या त्याच बैठकीत बोलवायचं, म्हणजे तो आपल्याशी बोलेल.

मग कोणतं घ्यायचं यावर जुंपली. लव्हनेसने सुचवलेलं ते देखणं होतं, आवाज असा की समोरचा माणूस शेजारी बसलाय असं वाटावं. पण त्याला नवा फोन हवा, खातं हवं, भरपूर डेटा हवा. तू त्याचं नाव साहेबी ठेवलंस. तुझं सॉफ्टवेअर जुनं, दिसायला कुरूप, कितवेतल्या तुझ्या खोलीतल्या म्हाताऱ्या संगणकावरून चालणारं, आणि आवाज पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. त्याला सगळे डबा म्हणू लागले. सितालीकाकांना डबा अजिबात आवडला नाही. पहिल्या चाचणीनंतर ते म्हणाले, "यातून बोललं तर चावलेला साप स्वतःच माफी मागेल." मी तुझी बाजू घेतली तेव्हा माझ्यावर घसरले: "तुम्हा टोंगांचं काय, गाईंचं हंबरणं ऐकत वाढलेली माणसं. तुम्हाला हाही आवाज गोड लागणारच." टोंगा आणि लोझी जमातींची ही थट्टा जुनीच, लोझी माणसाला मी काय सोडते. मी म्हटलं, काका, तुमच्याकडे निम्मं वर्ष पूर असतो, तुम्हाला बेडकांशिवाय दुसरा आवाज कुठे ठाऊक. किती हसलो होतो आपण. पण तू हसत नव्हतास. तू दोन्ही सॉफ्टवेअर घेऊन ग्वेम्बेच्या दरीत उतरलास, सरोवराकाठच्या वाड्यांवर फिरलास, लोकांच्या तडा गेलेल्या फोनवर ती लावून पाहिलीस. परत आलास आणि गटाला म्हणालास, "माणसाचा शब्द कळला म्हणजे झालं. आपल्याला गाणं थोडंच ऐकायचंय?" मतं पडली आणि डबा जिंकला.

डब्याने कामही केलं. सियावोंगाचा तो कोळी आठव. पायाला साप चावलेला, भाऊ ब्लेड घेऊन जखम कापायला बसलेला, आणि तू त्याला बोलता बोलता ब्लेड खाली ठेवायला लावलंस. लिहून ते कधीच जमलं नसतं. तो कोळी आता नीट चालतो. गेल्या महिन्यात त्याने लव्हनेसला होडीत उभा असलेला फोटो पाठवला. पायाचा फोटो मागितला होता, याने पूर्ण होडी दाखवली.

आता ग्वेम्बेच्या दरीतल्या त्या पोरीच्या, लुयांडोच्या दिवसाकडे यावंच लागेल. तू त्या दिवसाबद्दल माझ्याशी एकदाच बोललास, तेही एक वाक्य: "शेवटी ती काय म्हणाली, मला कळलं नाही." बाकीचं मला काकांकडून कळलं, कारण तेही डब्यावर ऐकत होते आणि मी दुसऱ्या फोनवर दवाखान्यांच्या मागे होते. लुयांडो ज्वारी यायच्या आधी कणगी शाकारायला घेऊन बसली होती. जुनं गवत उपसताना मनगटाला साप चावला. साप पळताना तिने स्वतः फोटो काढला, इतकी ती धीराची. काकांनी तो पाहिला आणि फक्त एवढंच लिहिलं की मांबा आहे, घाई करा. तू तिला झोपून राहायला सांगितलंस, हात हलवू नकोस म्हणालास, लव्हनेसने सुकट वाहणारी एक गाडी वळवली, आणि गाडी येईपर्यंत, मग गाडीतही, तू तिच्याशी बोलत राहिलास. तुझ्या मोडक्या टोंगा भाषेत. काका सांगतात, सुरुवातीला ती तुझे शब्द दुरुस्त करत होती.

मग तिचे शब्द अडखळायला लागले. तुला वाटलं, लाईन खराब आहे. तू म्हणत राहिलास, पुन्हा सांग, आवाज तुटतोय, फोन तोंडाजवळ धर, पुन्हा सांग. आणि ती प्रत्येक वेळी पुन्हा सांगत राहिली. लाईन नव्हती तुटत, बुपे. विषाने तिची जीभ जड होत होती. ते तुला नंतर कळलं आणि तिथून तू आमच्यात राहिला नाहीस. घाट चढताना लाईन खरंच गेली. वरच्या दवाखान्यात लस नव्हती, ते मला त्याआधीच कळलं होतं आणि मी पुढच्या रुग्णालयाला फोन लावत होते. तिथे गाडी पोचायच्या आत लुयांडो गेली.

तुझ्यामागे गटात बरंच झालं. कोणी म्हणालं साहेबी घेतलं असतं तर जीभ जड झालेली लगेच ओळखू आली असती. कोणी म्हणालं बोलणंच बंद करा, लिहिणं बरं होतं. सितालीकाका, जे तुझ्या डब्याला रोज शिव्या घालायचे, ते साहेबीचं नाव काढणाऱ्याला म्हणाले, "पोरा, तू होतास का तिथे? नव्हतास ना. मग बस." मला मात्र राहवेना. सुट्टी लागली तशी मी बस धरून दरीत उतरले, लुयांडोच्या वाडीवर. लव्हनेसने तिच्या संगणकावर डबा नव्याने बसवून दिला होता आणि माझ्याकडे लुयांडोच्या फोनसारखाच जुना फोन होता. त्या कणगीपाशी उभी राहून मी आधी साहेबी लावून पाहिलं. ते उघडलंच नाही. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मी झाडाखाली गेले, खडकावर चढले, तरी तेच. मग डबा लावला. थोड्या वेळाने खरखर झाली आणि काकांचा आवाज आला, "ऐकू येतंय, पोरी." साहेबी असतं तर तिचा आवाज जास्त नीट नव्हे, बुपे, मुळीच आला नसता. त्या गाडीच्या मागच्या फळीवर ती एकटी असती. घाटात मात्र दोन्ही सॉफ्टवेअर मेली, तिथे टॉवरच नाही.

एका डॉक्टरीणबाईंनाही मी विचारलं. जीभ जड झाल्याचं आधी कळलं असतं तर काय करता आलं असतं, असं. त्या म्हणाल्या, लस नाही, श्वासाचं यंत्र जवळ नाही, मग कळून काय होतं. मी त्यांना खात्रीने सांगा म्हटलं. खात्रीने त्यांनी काही सांगितलं नाही. तुला मी खोटं सांगणार नाही म्हणून हेही लिहिते.

वाडीवर लुयांडोची आई भेटली. बिना-लुयांडो, म्हणजे टोंगात लुयांडोची आई, म्हणूनच तिला सगळे अजून हाक मारतात, आणि ती ओ देते. त्या दिवशी ती सरोवरावर कापेन्टा मासळीची सुकट विकायला गेली होती. परत आली तेव्हा अंगणात माणसं जमलेली. मी काकांशी बोलत होते तेव्हा ती लांब उभी राहून बघत होती. मला काही विचारलं नाही. आंबट दूध दिलं, बसपर्यंत पोचवायला आली आणि वाटेत पावसापाण्याचं बोलली. मला वाटलं, तिला आमचं तोंडही बघायचं नसेल.

परवा ती माझ्या दारात उभी होती. सुकटीची पिशवी, अंगाभोवती गुंडाळलेला धुतलेला चितेंगे, आणि इतक्या लांबून आल्यावरही आत यायला संकोचणारी. आता मी हे लिहितेय तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात आईबरोबर शेंगा सोलतेय. गाडीवाल्याने तिला सांगितलं होतं की पोरगी शेवटपर्यंत फोनवर कुणाशी तरी बोलत होती, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, पण इंजिनाच्या आवाजात त्याला ती कळली नाही. काय म्हणाली, हे तिने मला विचारलं. मी तिला खरं सांगितलं, की आमच्यातल्या कोणालाच ते कळलं नाही, ज्याला ती सांगत होती त्यालाही नाही, आणि त्यामुळेच तो घर धरून बसलाय. मग मला काकांनी म्हटलेलं आठवलं: नवीन माणसांना शिकवता यावं म्हणून तुझ्या जुन्या संगणकावर प्रत्येक बोलणं साठवलं जायचं, आणि तो संगणक तू कसामाला नेलास. हे तिच्यापासून लपवणं मला जमलं नाही. पण इशाराही दिला. म्हटलं, आई, ते ऐकवणार नाही, शब्द नीट नाहीत, विषाने तिची जीभ वळत नव्हती. ती शेंगा सोलायची थांबली नाही. म्हणाली, "ती बोलायला शिकली तेव्हा तरी कुठे वळत होती? सगळी वाडी मला विचारायची, बिना-लुयांडो, ही काय म्हणतेय. मीच सांगायचे." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "त्या पोराला सांग, त्याने ऐकायची गरज नाही. त्याने नुसतं पाठवावं. मी ऐकेन आणि काय म्हणाली ते त्यालाही सांगेन." ती आमच्याकडेच थांबली आहे, बुपे. ज्वारी काढायला शेजारी आहेत म्हणते. म्वाबाच्या हाती पाठव, बसने पाठव, कसंही पाठव. नाहीतर तू स्वतः घेऊन ये.

तुझीच,
मुटिंटा